प्रोटीनच्या एका आकड्यावर मासळी आणि चिकन तोलू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या आरोग्य पुरवणीत टिनमधली मासळी आणि चिकन यांची तुलना करणारा एक छोटा तक्ता आला होता. टूना २५ ग्रॅम प्रोटीन, चिकन ब्रेस्ट ३१ ग्रॅम, आणि खाली एका ओळीत निकाल, की चिकन सरस. मी निगडीत कॉलेजच्या आणि आयटीतल्या मुलामुलींना जेवणाचे डबे देते, त्यातली बरीच जिमला जाणारी आहेत, आणि त्या तक्त्याचा फोटो सोमवारी सकाळपासून माझ्या व्हॉट्सॲपवर यायला लागला, काकू आता बुधवारचे मासे बंद करा आणि रोज ब्रेस्ट पीसच द्या म्हणून. मी मूळची मालवणची, गृहविज्ञान शिकलेय, मासळी आणि कोंबडी दोन्ही रोज माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. तक्त्यातले आकडे खोटे नाहीत हो. पण त्या आकड्यांवरून जो निकाल दिलाय तो पोरांना चुकीच्या रस्त्याला लावणारा आहे आणि तुमचा पेपर घराघरात वाचला जातो म्हणून सविस्तर लिहितेय, जागेसाठी काटछाट करायची तर करा पण आकडे तेवढे ठेवा.

आधी प्रोटीनचंच बघू, कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडकलाय. चिकन ब्रेस्टचे ते ३१ ग्रॅम आहेत ते कातडी काढून भाजलेल्या १०० ग्रॅम मांसाचे. कच्च्या १०० ग्रॅममध्ये साडेबावीस-तेवीसच असतात, शिजताना पाणी निघून जातं आणि २०० ग्रॅमचा तुकडा दीडशेच्या आसपास उतरतो, प्रोटीन आहे तेवढंच राहतं पण वजन घटल्यामुळे १०० ग्रॅममागचा आकडा फुगतो. आता मुलं काय करतात, कच्चं चिकन काट्यावर ठेवतात, २०० ग्रॅम भरलं की ॲपमध्ये ६२ ग्रॅम प्रोटीन लिहून मोकळी होतात. पोटात गेलं ते ४५-४६. आणि टिनचा मासा तर शिजलेलाच असतो, तेव्हा त्याची तुलना कच्च्या चिकनशी करायचीच नाही, शिजलेल्याशीच करायची, हे तक्त्याखाली एका ओळीत लिहायला हवं होतं.

टिनचा घोळ वेगळा. १८५ ग्रॅमचा टिन फोडून चाळणीत उपडा केला की पाणी नाहीतर तेल गळून जातं आणि खाली मासा राहतो तो १३० ग्रॅमच्या आगेमागे. हे वजन टिनवर ड्रेन्ड वेट म्हणून वेगळं छापलेलं असतं, बारीक अक्षरात असतं पण असतं. पोरं १८५ धरतात, ४६ ग्रॅम प्रोटीन मोजतात, हातात येतं ३२-३३. त्यात काही टिनांवर पोषणाचा तक्ता गाळलेल्या मासळीचा असतो, काहींवर पाण्या-तेलासकट, आणि काहींवर एका सर्व्हिंगचा, म्हणजे शेजारशेजारच्या दोन टिनांची तुलना करतानासुद्धा आधी हे बघावं लागतं.

आणि मुळात गरज किती आहे? आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिने २०२० साली ठरवलेल्या हिशोबाने वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. व्यायाम भरपूर करणाऱ्याला जास्त लागतं हे मान्य, पण दिवसभरात डाळ, दही, अंडी, उसळ, पोळी हे सगळं त्यात जमा होतंच की. टूनातले २५ आणि चिकनमधले ३१ यातला सहा ग्रॅमचा फरक म्हणजे एक अंडं. एका अंड्याच्या फरकावर मासळी बाद करायची आणि चिकनला माळ घालायची, हे कुठल्या हिशोबात बसतं? प्रोटीन दोन्हीतलं उत्तमच आहे, पचतंही चांगलं, सगळी अमायनो आम्लं असतात. तेव्हा या बाबतीत निकाल बरोबरीचा लावून पुढे जायला हवं होतं आणि खरी तुलना तिथून सुरू व्हायला हवी होती.

आता पुढचं जरा सावकाश लिहिते कारण माझ्या मते खरा मुद्दा हाच आहे. तुमच्या तक्त्यात मासळीच्या बाजूने टूना घेतलाय आणि कोंबडीच्या बाजूने ब्रेस्ट. म्हणजे दोन्हीकडचं सगळ्यात कोरडं, बिनचरबीचं, बिनहाडाचं मांस. टूना टिनमध्ये जायच्या आधी अख्खा वाफवतात, मग त्याची कातडी, हाडं आणि काळपट मांस काढून टाकतात, उरलेला पांढरा-गुलाबी भाग टिनमध्ये भरतात आणि टिन सील करून पुन्हा रिटॉर्टमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, साधारण ११५ ते १२१ अंशांवर शिजवतात. एवढ्या सगळ्यात माशाचं स्वतःचं तेल बरंचसं निघून जातं आणि कॅल्शियम तर हाडांबरोबरच गेलेलं असतं. मग तो चिकन ब्रेस्टसारखाच दिसणार, त्यात नवल काय. टिनमधल्या टूनात १०० ग्रॅममागे कॅल्शियम १५-२० मिलिग्रॅम, ब्रेस्टमध्येही १५. दोन्हीकडे जवळजवळ काहीच नाही.

टिनमधली छोटी मासळी घेतली की चित्र पार बदलतं. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीचीच जात, ती हाडासकट, कातडीसकट टिनमध्ये जाते. रिटॉर्टच्या उष्णतेने तिचा मधला काटा इतका मऊ होतो की टिन उघडून एक मासा मधोमध उलगडला आणि काटा दोन बोटांत धरला तर पीठ होतं त्याचं, ओल्या खडूसारखं, दाताखाली जाणवतसुद्धा नाही. तो काटा म्हणजेच कॅल्शियम. अमेरिकेच्या कृषी खात्याचे जे तक्ते जगभर वापरतात त्यात तेलातल्या, गाळून घेतलेल्या, हाडासकट सार्डिनच्या १०० ग्रॅममध्ये कॅल्शियम ३८० मिलिग्रॅमच्या आसपास दिलंय. कुठे १५ आणि कुठे ३८०! सव्वातीनशे मिली दुधाएवढं झालं ते. आपल्याकडे मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं आणि माझ्याकडे जेवणाऱ्या कितीतरी मुली दूध पचत नाही म्हणून पीत नाहीत, त्यांनी जायचं कुठे? टिनवर बोनलेस-स्किनलेस लिहिलेलं असेल तर मात्र हा फायदा गेला म्हणून समजा, मुलं नेमका तोच टिन उचलतात कारण काटे दिसले की नाक मुरडतात.

कॅल्शियमवर थांबत नाही ते. त्याच १०० ग्रॅम सार्डिनमध्ये प्रोटीन साडेचोवीस ग्रॅम, व्हिटॅमिन डी साधारण ४.८ मायक्रोग्रॅम म्हणजे रोजच्या गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि बी-१२ जवळपास ९ मायक्रोग्रॅम, जेव्हा रोजची गरज आहे दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. चिकन ब्रेस्टमध्ये डी अगदी नगण्य आणि बी-१२ आहे ०.३. ज्यांच्या घरात बी-१२ आणि डीचे रिपोर्ट झालेत त्यांनी आठवून बघावं की आकडे काय आले होते, हल्ली दर दुसऱ्या माणसाच्या हातात त्या गोळ्यांची स्ट्रिप असते. रोज ब्रेस्ट पीस खाणाऱ्या पोरांच्यासुद्धा! नॉनव्हेज खातो म्हणजे बी-१२ भरपूर असणार असं समजून ती निर्धास्त असतात, आणि कोंबडीच्या त्या पांढऱ्या मांसात ते असतंच किती थोडं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

ओमेगा-३ बद्दल तर एवढं बोललं जातं, पण तक्त्यात त्याचा रकानाच नव्हता. इपीए आणि डीएचए ही जी दोन माशाच्या तेलातली फॅटी ॲसिड आहेत ती रोज साधारण पाव ग्रॅम मिळावीत असं तज्ज्ञ संस्था सांगतात. १०० ग्रॅम सार्डिनमध्ये ती जवळपास एक ग्रॅम असतात, पाण्यातल्या टूनात पाव ग्रॅमच्या आसपास, आणि चिकन ब्रेस्टमध्ये नावाला. आम्ही जवसाची चटणी खातो की असं मला नेहमी ऐकवतात. जवस चांगलीच आहे, जरूर खा, पण तिच्यातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं आणि शरीर त्यातला फार थोडा भाग इपीए-डीएचएमध्ये बदलू शकतं. चिकनच्या आणि जवसाच्या भरवशावर ही कसर भरून निघत नाही.

तेलातला टिन की पाण्यातला, हाही प्रश्न येतोच. टूना तेलातला असेल तर गाळूनसुद्धा १०० ग्रॅमला १९०-२०० कॅलरी, पाण्यातला असेल तर १००-११५. ते तेल माशाचं नसतं, बहुतेक वेळा सोयाबीन नाहीतर सूर्यफुलाचं असतं, म्हणून ज्याला वजन उतरवायचंय त्याने पाण्यातलाच घ्यावा. सार्डिन-बांगड्याचं गणित वेगळं, त्यांचं स्वतःचं तेलही टिनमधल्या तेलात थोडंफार मिसळलेलं असतं, ते सगळं बेसिनमध्ये ओतून देऊ नये, थोडं कांद्याच्या फोडणीला वापरावं. टोमॅटो सॉसमधले टिन मिळतात त्यावर साखरेचा आकडा बघून घ्या म्हणजे झालं.

आता मीठ. इथे मी टिनची बाजू घेणार नाही, आकडा आकडाच आहे. भाजलेल्या ब्रेस्टमध्ये सोडियम १०० ग्रॅमला ७४ मिलिग्रॅम, टिनमधल्या मासळीत ब्रँडप्रमाणे अडीचशेपासून पाचशेपर्यंत. दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या वर सोडियम नको, म्हणजे सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, आणि ज्यांना बीपीचा त्रास आहे त्यांनी टिन रोज खाऊच नये, खायचा तेव्हा गाळून साध्या पाण्याखाली धुऊन घ्यावा, मीठ बरंच उतरतं (ओमेगा-३ जास्त असलेल्या तेलकट मासळीचं थोडं तेलही जातं, पण बीपीवाल्याला तो सौदा परवडतो). मात्र एक गोष्ट तक्तेवाले कधीच सांगत नाहीत. ते ७४ मिलिग्रॅम बिनमिठाच्या चिकनचे आहेत. बिनमिठाचं चिकन खातं कोण? मी अर्धा किलो चिकनला एक सपाट चमचा मीठ घालते, सहा ग्रॅम भरतं ते, म्हणजे २३०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम झालं, पाच जणांत वाटलं तर एकेकाच्या वाट्याला साडेचारशेच्या पुढे आलं. म्हणजे घरचा चिकन रस्सा आणि बाजारातला टिन मिठाच्या बाबतीत एकाच पायरीवर येतात. फरक एवढाच की रश्शातलं मीठ आपल्या हातात असतं, टिनमधलं कंपनीच्या हातात. आणि बाहेरचं तंदुरी, चिकन सिक्स्टी फाईव्ह, शोरमा यांचा हिशोब तर कुणी मांडतच नाही.

परदेशात दुकानात टूनाच्या शेजारीच टिनमधलं चिकनही मिळतं. माझी भाची नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत आहे, ती आठवड्याचं सामान भरताना दोन्ही आणते आणि तिने मला विचारलं होतं की मावशी यातलं बरं कुठलं. टिनमधल्या चिकनमध्ये प्रोटीन २५ ग्रॅमच्या आसपास आणि सोडियम चार-पाचशेच्या घरात. म्हणजे मिठाचं ओझं टिनमधल्या मासळीइतकंच आणि बदल्यात ना कॅल्शियम, ना डी, ना ओमेगा-३. तिला मी सांगितलं चिकन ताजं नाहीतर फ्रोझन घे आणि टिन घ्यायचा तर मासळीचा घे, सॅमन हाडासकट मिळाला तर उत्तम, कारण सॅमन बहुतेक वेळा कच्चाच भरून टिनमध्येच शिजवतात, त्यामुळे त्याचं तेल आणि रस आतच राहतो.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की बाई मालवणची म्हणून माशाची वकिली करतेय. तसं नाहीये. कोंबडीच्या जमेच्या बाजू खऱ्या आहेत आणि त्यासुद्धा त्या तक्त्यात आल्या नाहीत याचं मला वाईट वाटलं. ब्रेस्टमध्ये नायसिन म्हणजे बी-३ भरपूर, १०० ग्रॅमला १३ मिलिग्रॅमच्या वर, बी-६ चांगलं. पारा नाही, मीठ आपल्या हातात, आणि कुठल्याही गावात, कुठल्याही महिन्यात ताजी मिळते. पैशाचं बघा, आमच्या भागात टूनाचा एक बरा टिन दोनशे-अडीचशेच्या खाली क्वचित येतो, तेवढ्यात किलोभराच्या आसपास ब्रॉयलर येतं, हाडं वजा केली तरी चार जण जेवतात. सामान्य घराला प्रोटीन स्वस्तात हवं असेल तर अंडी आणि कोंबडी यांना तोड नाही हे मी डोळे झाकून सांगेन.

पण मग कोंबडी खायची तर नुसतं ब्रेस्ट का? लेग पीसला पोरांनी उगाच वाळीत टाकलंय. कातडी काढलेल्या मांडीच्या मांसात चरबी जास्त असते हे खरं, शिजवल्यावर १०० ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास, पण झिंक ब्रेस्टच्या दुपटीहून जास्त असतं, लोहही थोडं जास्त, आणि चव तर आहेच. आणि कलेजी! चिकनच्या दुकानात कलेजी-पेठा सगळ्यात स्वस्त, कितीतरी लोक कुत्र्यामांजरांसाठी म्हणून नेतात. शिजवलेल्या १०० ग्रॅम कलेजीत लोह १० मिलिग्रॅमच्या वर, ब्रेस्टमध्ये एक, सार्डिनमध्ये तीन. आपल्याकडच्या बायकांना रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआरच म्हणतं, आणि हिमोग्लोबिन आठ-नऊवर असलेल्या मुली ब्रेस्ट पीस उकडून खात बसतात तेव्हा माझा जीव तुटतो. आठवड्यातून एकदा थोडी कलेजी कांद्या-मिऱ्यावर परतून खा म्हटलं की शी म्हणतात. गरोदर बाईने मात्र कलेजी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, तिच्यात व्हिटॅमिन ए फार असतं आणि पहिल्या महिन्यांत ते बाळाला बाधू शकतं.

आणखी एक, चिकन म्हणून जे खाल्लं जातं ते नेहमी चिकन असतंच असं नाही. नगेट्स, सॉसेज, पॉपकॉर्न यात मैदा, स्टार्च, तेल, मीठ मिसळलेलं असतं, प्रोटीन निम्म्यावर येतं. मासळीच्या बाजूला तसंच क्रॅब स्टिकचं आहे, ते सुरिमीपासून बनवतात, मासळीचं मांस धुऊन धुऊन त्यात स्टार्च घालून, त्यालाही टिनमधल्या अख्ख्या मासळीच्या रांगेत बसवू नका.

पाऱ्याबद्दल लोक घाबरून विचारतात म्हणून सांगते. मोठा, जास्त वर्षं जगणारा, दुसरे मासे खाणारा मासा, त्यात पारा जास्त. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, केलेल्या तपासण्यांची सरासरी बघा, सार्डिनमध्ये ०.०१३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), टिनमधल्या लाईट टूनात ०.१२६, आणि अल्बाकोर म्हणजे व्हाईट टूनात ०.३५. सार्डिन आणि अल्बाकोरमध्ये पंचवीसपट अंतर आहे! लाईट टूना गरोदर बाईनेही आठवड्यातून दोन-तीनदा खायला हरकत नाही असा त्यांचा सल्ला आहे, अल्बाकोर एकदाच. त्यामुळे जिमवाल्या मुलांनी रोज दोन-दोन टिन टूना फस्त करायचा जो प्रकार चालवलाय तो थांबवावा, त्यापेक्षा टूना, सार्डिन, बांगडा असे आलटून पालटून घ्यावेत. ज्यांचं युरिक ॲसिड वाढलेलं आहे, गाऊटचा त्रास आहे, त्यांना मात्र सार्डिनही नको आणि कलेजीही नको, त्यांच्यासाठी बेताने चिकनच बरं. तुमच्या तक्त्यात चिकन सरस ठरवायला एवढं एक कारण दिलं असतं तरी मी मान डोलावली असती.

फुगलेला, शिवणीवर चेपलेला, गंजलेला टिन घेऊ नये, स्वस्त मिळाला तरी नाही. आणि उघडला की उरलेला मासा टिनमध्येच झाकून ठेवू नये, काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावा आणि तीन दिवसांत संपवावा. जिभेला चुरचुरला, मिरीसारखा तिखटपणा लागला तर फेकून द्यावा, टिनमध्ये भरायच्या आधी मासा नीट बर्फात नसला तर त्यात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं आणि ते उकळून किंवा रिटॉर्टमध्ये घालूनही जात नाही, अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होतं. लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात आणि जन्मभर मासे सोडतात.

आता ज्याच्यासाठी मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं ते. टिनमधल्या सार्डिनचे एवढे गुण मी सांगितले, पण ते गुण टिनचे नाहीत, माशाचे आहेत. आपली तारली, आपला पेडवा, आपला बांगडा, यांच्यात हेच सगळं आहे. मालवणात माझी आई तारलीचं तिखलं करायची, कोकम आणि तिरफळं घालून, मातीच्या भांड्यात इतकं आटवायची की बारीक काटे चावूनच खाता यायचे, आणि गरिबाचा मासा म्हणून त्याला कुणी पाहुण्यांपुढे वाढायचं नाही. आजही पापलेट आणि सुरमईच्या भावाचा तारलीशी काही संबंध नाही. बंदरावर तारलीचा मोठा कॅच लागला की ती टेम्पो भरभरून किनाऱ्यावरच्या फिशमील कारखान्यांत जाते, वाळवून दळली जाते, तिचं तेल काढतात, आणि ती पूड कोळंबीच्या आणि कोंबडीच्या खाद्यात जाते. म्हणजे ज्या मासळीत कॅल्शियम, डी, ओमेगा-३ सगळं आहे ती आपण कोंबडीला घालतो, मग त्या कोंबडीचा सगळ्यात कोरडा भाग काढून खातो, आणि मासळीचे गुण हवेत म्हणून बाहेरच्या देशातून आलेला टिन अडीचशे रुपयांना घेतो. याचा विचार कुणी करणार आहे की नाही?

किनाऱ्यावरच्या माणसाने टिन घ्यायची गरज नाही, बांगडा घ्या, तारली घ्या, सरळ आहे. पण सोलापूर, लातूर, अकोला, नागपूर इथल्या माणसाने काय करायचं? तिथे गोड्या पाण्यातली मासळी मिळते, ती चांगलीच आहे, पण समुद्रातली ताजी तारली पोचत नाही, लवकर नासते ती. आणि आपल्याकडे सुद्धा १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग कितीतरी घरांत श्रावण, म्हणजे दोन-तीन महिने समुद्राची मासळी पोटात नाही. पूर्वी त्या दिवसांत सुकट, जवळा, सुके बोंबील यांच्यावर घर चालायचं आणि जवळा अख्खा खाल्ला जातो म्हणून कॅल्शियमही मिळायचं. आता फ्लॅटमध्ये शेजारच्यांना वास येतो म्हणून सुकी मासळी भाजता येत नाही, माझ्या सोसायटीत त्यावरून मीटिंग झालीय. अशा ठिकाणी टिन खरोखर उपयोगाचा आहे, वास नाही, फ्रीज नको, वर्ष-दोन वर्षं टिकतो, हॉस्टेलच्या खोलीत कपाटात राहतो.

मग तो टिन आपल्याच तारली-बांगड्याचा का नसावा? केरळात मासळी टिनमध्ये आणि पाऊचमध्ये भरायचे कारखाने आहेत, कोचीला केंद्र सरकारची सीआयएफटी ही मत्स्य तंत्रज्ञानाची संस्था १९५७ पासून हेच काम करतेय, शिजवलेली फिश करी रिटॉर्ट पाऊचमध्ये भरून फ्रीजशिवाय टिकवायचं तंत्र त्यांनी बसवून दाखवलंय. आपल्याकडे रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, शिकलेली मुलं आहेत, मासळी बंदरावर पडून आहे. मीठ कमी घातलेला, हाडासकट तारलीचा, कोकम घातलेला टिन किंवा पाऊच निघाला आणि साठ-सत्तर रुपयांत मिळाला तर मी माझ्या डब्यांसाठी आजच ऑर्डर देईन, आणि महिला बचत गटांना, आश्रमशाळांना, हॉस्टेलच्या मेसना त्याचा किती उपयोग होईल. तुमच्यासारख्या पेपरने मत्स्यव्यवसाय खात्याला हा प्रश्न विचारावा, आमच्यासारख्यांचं कोण ऐकतंय.

मी आत्ता मुलांना काय देते तेही लिहिते, नाहीतर नुसता उपदेश होईल. आठवड्यातून दोनदा चिकन, त्यातही लेग आणि ब्रेस्ट मिसळून, रस्सा पातळ आणि मीठ मोजून. बुधवारी बांगडा नाहीतर तारली, मिळाली तर. नाही मिळाली तर टिनमधला बांगडा किंवा सार्डिन, कांदा भरपूर परतायचा, ठेचलेली लसूण, मालवणी मसाला, दोन आमसुलं, वरून मीठ अजिबात नाही, आणि मासा शेवटी घालून नुसता गरम करायचा, काटा चमच्यानेच मोडून त्यात मिसळून टाकायचा. भाकरीबरोबर देते, काटा कुठे गेला हे कुणाला कळतही नाही. टिनमधल्या मासळीचं बी-१ उष्णतेने कमी झालेलं असतं ते भाकरी-डाळीतून भरून निघतं. ज्या मुलींनी आधी मासा नको म्हटलं होतं त्या आता बुधवारी आधी फोन करून विचारतात.

तर विनंती एवढीच आहे की पुरवणीत पुन्हा असा तक्ता द्याल तेव्हा प्रोटीनच्या बाजूला कॅल्शियम, लोह, बी-१२, डी, ओमेगा-३ आणि सोडियम असे रकाने द्या, कच्चं की शिजलेलं ते लिहा, टिनचं गाळलेलं वजन लिहा, आणि टूनाबरोबर सार्डिन, ब्रेस्टबरोबर लेग आणि कलेजी घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते काढलेत, त्यात आपल्या समुद्रातली मासळी आहे, चिकनचे वेगवेगळे भाग आहेत, ताज्या मासळीचे आणि चिकनचे आकडे तिथून घेता येतील, टिनचे आकडे टिनवरूनच घ्यावे लागतील. आणि हे मे महिन्यात छापलंत तर बरं होईल, जूनपासून बाजारात मासळी कमी होते आणि पोरं टिन शोधायला लागतात तेव्हाच ते हाताशी असेल.

आपली नियमित वाचक,
निगडी, पुणे